मेंढरं कुणाच्या नावावर

॥ बिरोबा प्रसन्न ॥

गुदैबिया, बहरीन
८ जून १९८४

ती. अक्कास,
धाकट्या गुंडूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मेंढरं घेऊन वारणाकाठाहून वाडीला पोचलीस, वाटेत दोनच कोकरं गेली, हे वाचून जिवात जीव आला. दादांसारखा बाप गेल्यापासून बासष्ट मेंढरं तू एकटी हाकत नेतेस आणि हाकत आणतेस. मी इथं साहेबाच्या थंडगार गाडीत बसलेला असतो. लिहितानाही लाज वाटते. आईचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला पाठवलेलं मलम तिनं देव्हाऱ्यात ठेवलंय असं लिहिलंस. ते चोळायचं असतं, पुजायचं नसतं, असं तिला सांग.

इकडं रोजे चालू आहेत. खोलीत मी, केरळचा राजन आणि रहिमतुल्ला. रहिमतुल्लाचा रोजा असतो म्हणून आम्ही दोघं त्याच्यासमोर पाणीही पीत नाही. काम तेच. हार्डविक साहेबांना सकाळी अदलियातल्या वकिलीच्या ऑफिसात सोडायचं, दुपारी घरी आणायचं. साहेब साठीच्या पुढचे, लग्न केलेलं नाही, वीस वर्षं इथंच आहेत.

आता गंमत ऐक. परवा बंदरावरून येताना जहाजातून मेंढरं उतरत होती, हजारांनी. साहेबांनी गाडी थांबवायला लावली. मी सहज बोलून गेलो की पुढची चार लंगडतायत, खुरांत सडलंय, त्यांना वेगळं काढलं नाही तर सगळ्यांना लागेल. साहेब माझ्याकडं बघतच राहिले. तुला कसं कळतं, म्हणाले. मी म्हटलं, आमचा धंदाच तो. त्या दिवसापासून साहेब माझ्याशी मेंढराशिवाय दुसरं बोलत नाहीत. तीन वर्षं मागच्या सीटवर मुक्यानं बसणारा माणूस!

त्यांची एक थोरली बहीण आहे, एडिथबाई. इंग्लंडात बापाच्या घरात राहते आणि मेंढरं पाळते. गावच्या सामायिक माळावर चारायचा तिचा हक्क आहे की नाही यावर तिकडं सुनावणी आहे. साहेब पाचशे वर्षांपूर्वीची गावच्या जमीनदाराच्या कचेरीतली जुनी दप्तरं घेऊन बसलेत. मला निम्मं कळतं, निम्मं नाही. त्यांनी तुझ्यासाठी एक प्रश्न दिलाय. एका एकरावर हिवाळाभर किती मेंढरं राहू शकतील? मला सांगता येईना. मी म्हटलं, आमच्या अक्काला विचारतो.

उत्तर लवकर लिही. आईला दंडवत. माया आहे तशीच दाट राहू दे.

तुझा
गुंडू

॥ बिरोबा प्रसन्न ॥

शिंगाडवाडी, ता. माण
२४ जून १९८४

चि. गुंडूस,
मथुराअक्काचे अ. उ. आ.

तुजं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं. मलाच समजलं न्हाई तर तिला काय समजणार? एका एकरात हिवाळाभर मेंढरं राहातील म्हंजे काय रे? मेंढरू एका जागी राहातं व्हय? दोन राती एकाच्या रानात बसवायची, लेंडीखत पडतं, शेतकरी पायली-दोन पायल्या ज्वारी देतो, की चालले पुढं. तू लहानपणी एवढा हिंडलास आन साहेबाला हे सांगता आलं न्हाई? का तिथल्या गारव्यानं डोकं गोठलं?

आईनं दळणाच्या गिरणीत सांगितलं की गुंडूचा साहेब मेंढरांची चौकशी करतोय. चार दिवसांत वाडीभर झालं की इंग्रज साहेब आपली मेंढरं बोटीनं न्यायला येतोय. आता लोक मलाच विचारतात, कधी येणार म्हणून. आईसुद्धा काल हळूच म्हणाली, गुंडूला लिही, काळ्या तोंडाची तेवढी देऊ नको. खरंच तुज्या साहेबाचा आपल्या मेंढरांवर डोळा न्हाई ना?

आता काळजीची गोष्ट. पांढरीच्या माळावर निम्म्या भागात झाडं लावायची ठरलंय. तारंचं कुंपण पडणार. उरलेल्या निम्म्यात कुणाची जनावरं चरायची त्याची यादी व्हणार. गावची जनावरं तेवढीच, बाहेरची न्हाई. सप्टेंबरात तालुक्याचा अधिकारी चावडीत येऊन सगळ्यांचं ऐकणार हाय. सरपंच पांडुरंगतात्या आपल्या दाराशी येऊन बोलले, तुमचं बघावं लागंल. बघावं लागंल म्हंजे काय ते बोलले न्हाईत. दादांच्या आज्यापासनं आपण त्या माळावर चारतो. पावसाळ्याचे चार महिने तो माळ न्हाई मिळाला तर मी मेंढरं कुठं नेऊ?

तू शिकलेल्या माणसांत असतोस. काही सुचलं तर कळव. मलम चोळलं. आई म्हणते वास चांगला हाय.

तुजी वाट बघणारी
मथुराअक्का

॥ बिरोबा प्रसन्न ॥

गुदैबिया, बहरीन
६ जुलै १९८४

ती. अक्कास,
गुंडूचा शि. सा. न. वि. वि.

साहेबाला आपली मेंढरं नकोत, आईला सांग. काळ्या तोंडाची तर मुळीच नकोत.

तुझं पत्र मी साहेबांना हिंदी-इंग्रजीत जमेल तसं वाचून दाखवलं. शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतो आणि वर ज्वारी देतो, हे ऐकून ते उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. त्यांच्या गावात जुन्या काळी उलटं होतं. कुळांची मेंढरं जमीनदाराच्याच रानात बसली पाहिजेत, खत त्यालाच मिळालं पाहिजे, आणि त्याबद्दल मूठभर दाणाही नाही. स्वतःच्या रानात बसवायची तर त्याची परवानगी हवी. दप्तरात ॲग्नेस नावाच्या एका विधवेची नोंद आहे. तिनं मेंढरं आपल्याच वावरात बसवली म्हणून तिला पंचांपुढं उभं केलं. मी विचारलं, पुढं तिचं काय झालं? साहेब म्हणाले, पुढचं पान फाटलंय.

आता कामाचं. तुझ्या माळाचं ऐकून साहेबांनी मला त्यांच्याकडचा नियम सांगितला. दोन परक्या शब्दांचा आहे, अर्थ असा की उठणारं आणि निजणारं जनावर. म्हणजे आपल्या घरच्या जागेवर निजणारी-उठणारी जेवढी मेंढरं, तेवढी सामायिक माळावर सोडायचा हक्क. कुणी काढून घेऊ शकत नाही. इंग्रजांचा कायदा आहे, अक्का! आपले कायदे शेवटी त्यांनीच करून ठेवलेले. आपली बासष्ट मेंढरं आपल्याच वाडग्यात निजतात आणि उठतात. तू चारचौघांत छातीठोक सांग. पांडुरंगतात्याला म्हणावं, माझ्या भावानं वकिलाला विचारलंय.

मला तर वाटतं आपलं काम फत्ते. इंशाल्ला. आईच्या पायांवर डोकं.

तुझ्या मायेचा भुकेला
गुंडू

॥ बिरोबा प्रसन्न ॥

गुदैबिया, बहरीन
२० जुलै १९८४

ती. अक्कास,
गुंडूचा शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. मागच्या पत्रात मी जो नियम लिहिला तो कुणाला सांगू नकोस. आज साहेबांना ऑफिसात सोडताना मी म्हटलं, माझ्या बहिणीला कळवलंय. साहेबांनी विचारलं, तुमची मेंढरं हिवाळ्यात कुठं असतात? मी म्हटलं, वारणाकाठाला, लोकांच्या रानात. साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांचा नियम हिवाळ्याचा आहे. हिवाळाभर आपल्या चाऱ्यावर, आपल्या जागेत जेवढी जगवता येतील, तेवढीच उन्हाळ्यात माळावर. मी हिवाळा हा शब्द ऐकलाच नव्हता. म्हणूनच त्यांनी तो एकराचा प्रश्न विचारला होता!

त्या हिशेबानं आपला हक्क एकाही मेंढराचा निघत नाही. साहेब म्हणतात, हा तिकडचा नियम, तुमच्या गावाला लागू नाही, पण समोरच्याच्या हातात आयतं कोलीत देऊ नये. म्हणून अक्का, तू गप्प बस. हे पत्र तुला वेळेवर मिळो.

तुझा
गुंडू

॥ बिरोबा प्रसन्न ॥

शिंगाडवाडी
२४ जुलै १९८४

चि. गुंडूस,
मथुराअक्काचे अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. रविवारी चावडीत बैठक व्हती. बायकांत मी एकलीच. उभी राहिले आन म्हणाले, आमच्या जागेवर जेवढी मेंढरं निजतात-उठतात तेवढी माळावर सोडायचा आमचा हक्क हाय, माज्या भावानं बहरीनला वकिलाला विचारलंय. सगळ्यांच्या माना माज्याकडं वळल्या. मला वाटलं, जमलं.

पांडुरंगतात्यांनी पान लावलं, सावकाश खाल्लं आन म्हणाले, पोरी, बरोबर बोललीस. तुमची मेंढरं आठ महिने कुठं निजतात-उठतात? आन तेच म्हणाले, वारणाकाठाला ना? मग तिथल्या माळावर हक्क सांगा. लोक हसले. शेजारचा म्हादूनाना हसला त्याचं मला लागलं, दादांच्या मयतीत तो पोटच्या पोरासारखा रडला व्हता.

मग तात्यांनी वही काढली. म्हणाले, मेंढरं आन घर दोन्ही गुंडूच्या नावावर. गुंडू कुठं निजतो? बहरीनला. म्हंजे मालक गावचा न्हाई. मी म्हणाले, मी हाय की इथं. तर म्हणाले, तू कोळेकरांची सून, तुजं गाव लग्नानं बदललं. माजा धनी मरून बारा वर्षं झाली, त्या गावात माजी एक वाटीसुद्धा न्हाई, हे साऱ्या वाडीला ठावं हाय. पण वहीत लिहिलेलं न्हाई.

तात्या वाईट माणूस न्हाई रे. झाडं लावायचा त्यांना ध्यास हाय, माळ उघडा पडलाय हे खरंच. पण आता मला कळंना झालंय की आपण कुठले. माळ आपला न्हाई, वारणाकाठ आपला न्हाई, तू तिकडं, मी कोळेकरांची. आई तेवढी शिंगाडवाडीची, आन तिला मेंढरांमागं चार पावलं चालवत न्हाई.

तुज्या साहेबाला विचार, त्याचा कायदा कुणासाठी केलेला हाय? ती ॲग्नेस बाई असती तर तिला विचारलं असतं.

रागानं लिहिलंय. माया कमी न्हाई.

मथुराअक्का

॥ बिरोबा प्रसन्न ॥

गुदैबिया, बहरीन
९ ऑगस्ट १९८४

ती. अक्कास,
गुंडूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. माझं सावध करणारं पत्र तुला उशिरा पोचलं हे उघडच आहे. माझ्या अर्धवट ऐकण्यानं तुला चारचौघांत खाली बघावं लागलं. चप्पल काढून माझ्या तोंडात मारावी असं मला वाटतं.

रागात मी साहेबांकडं गेलो. आयुष्यात पहिल्यांदा साहेबापुढं आवाज चढवला. म्हटलं, तुमच्या कायद्यानं माझ्या बहिणीचं वाटोळं केलं. साहेबांनी समोर बोट दाखवलं. टेबलावर इंग्लंडहून आलेला कागद पडला होता. त्यांच्या बहिणीची सुनावणी झाली, निकाल आला. हक्क नाही. खलास.

मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक पिवळा पडलेला फॉर्म माझ्यापुढं ठेवला. तिकडं सरकारनं नवा कायदा केला होता. ज्याचा माळावर हक्क असेल त्यानं सत्तर सालच्या सुरुवातीपर्यंत नोंदवायचा, नाहीतर जुना हक्क बुडाला. घर साहेबांच्या नावावर, कारण ते मुलगा. मेंढरं पाळायची बहीण. म्हणून तिनं फॉर्म भरून सहीसाठी बहरीनला पाठवला. मेंढरांच्या आकड्याची जागा तेवढी मोकळी सोडली होती. साहेबांना वाटलं, जुन्या दप्तरांतून पक्का आकडा काढावा, मगच सही करावी. वकील माणूस! आकडा शोधता शोधता तारीख निघून गेली. नंतर चौदा वर्षं कुणी हटकलं नाही म्हणून ती चारत राहिली. आता माळाचा मालक बदलला आणि त्यानं हटकलं. साहेब इतके दिवस पाचशे वर्षांची दप्तरं चाळत होते ते आपल्या एका सहीची भरपाई शोधत होते.

मी विचारलं, बहीण भांडली का? म्हणाले, भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच कळवलं की मंगळवारी मेंढरं बाजारात गेली.

मी घरी येऊन जेवलो नाही. राजन विचारून दमला. सकाळी साहेबांना गाडीतच म्हटलं, मला एक कागद करून द्या. साहेब म्हणाले, मी तुमच्या देशाचा वकील नाही, तिथं काय चालेल मला सांगता येणार नाही. पण सही नसलेला कागद कुठल्याच देशात चालत नाही, एवढं मी शिकलोय.

तो कागद सोबत आहे. घर, वाडगं आणि बासष्ट मेंढरं तुझी. माझा कसलाही दावा नाही. आपल्या दूतावासात जाऊन सही केली, शिक्का घेतला. तलाठ्याकडं दे. आईचा अंगठा तिकडं लागेल.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाल.

गुंडू

॥ बिरोबा प्रसन्न ॥

शिंगाडवाडी
२४ ऑगस्ट १९८४

चि. गुंडूस,
मथुराअक्काचे अ. उ. आ.

कागद पोचला. वाचला आन चुलीपुढं बसून राहिले. भाकरी करपली.

आईला कसं सांगावं समजंना. सांगितलं तर ती रडायलाच लागली. तिचं म्हणणं, घर दिलं म्हंजे पोरानं पाय काढून घेतला, आता तो यायचा न्हाई, तिकडंच कुणीतरी बाई केली असंल. मी किती सांगितलं की असं न्हाई. पण खरं सांगते, मलाही खात्री वाटंना. आधी म्हणालास हक्क हाय, मग म्हणालास गप्प बस, आता म्हणतोस सगळं तुजं. मी कुठलं पत्र धरू?

आन एक. तुज्यासाठी ढाकणीची सोयरीक आली हाय. मुलगी शेवंती, सातवी शिकलेली, मेंढरांत वाढलेली, हसरी. मला पसंत हाय. तिच्या बापानं पहिलंच विचारलं, घर पोराच्या नावावर हाय ना? आईनं हो म्हणून टाकलं. आता मी हा कागद तलाठ्याकडं दिला तर ती सोयरीक मोडली समज. आन लोक काय म्हणतील? माहेरी आलेल्या रांडमुंड बहिणीनं भावाचं घर गिळलं. मला दादांनी या घरात परत घेतलं ते भावाच्या मुळावर यायला न्हाई.

कागद मी दादांच्या घोंगड्याखाली पेटीत ठेवलाय. अठरा सप्टेंबरला अधिकारी येणार. बाकीच्यांची नावं वर गेली, यादीत आपल्या घराच्या नावापुढं तात्यांनी नुसती रेघ ओढलीय.

गुंडू, खरं काय ते लिही. तुला यायचं न्हाई का? तसं असंल तर तसं लिही, मी आईला सांभाळून सांगंन. पण मला अंधारात ठेवू नको.

तुजी
मथुराअक्का

॥ बिरोबा प्रसन्न ॥

गुदैबिया, बहरीन
४ सप्टेंबर १९८४

ती. अक्कास,
गुंडूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रहिमतुल्लाचा मावसभाऊ उद्याच्या विमानानं मुंबईला घेऊन येतोय. तिथून टाकेल, म्हणजे अठराच्या आत नक्की पोचेल.

खरं काय ते लिही म्हणालीस. खरं काय ते मलाही नीट ठाऊक नाही. यायचंय का? दर महिन्याला वाटतं, यायचंय. रजेवर आलो की आठव्या दिवशी वाटतं, जायचंय. इथं कुणी गाव विचारलं की मी शिंगाडवाडी सांगतो, आणि तिथं आलो की मेंढरांभोवती लावायचं वाघराचं जाळं कुठं ठेवलंय हेही मला तुला विचारावं लागतं. इथली बाईबिई काही नाही, इकडच्या बोलीत मफी, म्हणजे अजिबात नाही, आईला शपथेवर सांग.

पण एक गोष्ट मला या महिन्यात स्पष्ट दिसली. दादा गेले तेव्हा तलाठ्यानं विचारलं, विठ्ठल शिंगाडेंचा वारस कोण, आणि तू स्वतः म्हणालीस, गुंडू. मीही मान हलवली. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. अक्का, मी माझ्या हातानं अडलेल्या मेंढीचं एक कोकरू सोडवलेलं नाही. लांडगा आला तेव्हा मी नव्हतो. रोग आला तेव्हा नव्हतो. दादांना उचलून आत आणलं तेव्हाही नव्हतो. मेंढरांना माझा आवाज ओळखू येत नाही. मग माझं काय होतं त्यात? नुसतं नाव. आणि ते नावच आज तुझ्या आडवं आलंय. मी काही देत नाहीये. चुकून माझ्या खिशात राहिलेलं परत करतोय.

साहेबांनी बहिणीला तीन पत्रं लिहिली, तिचं उत्तर नाही. परवा गाडीतून नव्या हमद टाउनवरून जात होतो, सगळीकडं नवी कोरी घरं. साहेब म्हणाले, गुंडू, आकडा चुकला असता तरी चाललं असतं. एवढंच. नंतर घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला तसा म्हातारा व्हायचं नाही.

शेवंतीच्या बापाला जे आहे ते सांगून टाक. घर बहिणीचं आहे, भाऊ ड्रायव्हर आहे, तीन वर्षांत फक्त एकदा चलान झालंय. त्याला भिंती मोजायच्या असतील तर त्यानं दुसरीकडं मोजाव्यात. आणि लोक बोलतील ते बोलू देत. तात्या बोलले तेव्हा लोक हसलेच की.

माझं एकच भ्या आहे, तेही लिहितो. उद्या मी बॅग घेऊन दारात आलो तर पाहुणा म्हणून पाणी देशील की घरचा म्हणून हंडा भरायला पाठवशील? हंड्याचं कळव.

पेटी उघड, अक्का.

तुझा धाकटा
गुंडू

॥ बिरोबा प्रसन्न ॥

शिंगाडवाडी
२० सप्टेंबर १९८४

चि. गुंडूस,
मथुराअक्काचे अ. उ. आ.

तुजं पत्र सोळाला पोचलं. हंडाच भरायला पाठवंन, आन आड लांब हाय हे ध्यानात ठेव.

सतराला आईला घेऊन तलाठ्याकडं गेले. तिच्या गुडघ्यासाठी म्हादूनानाची बैलगाडी मागितली. त्यानं लगेच जुंपली आन सोबतही आला. आईनं अंगठा दिला. मग तलाठ्याला म्हणाली, पोरगी माजी हाय आन पोरगाही माजाच हाय, दोन्ही लिहून घ्या. तलाठी म्हणाला, असा रकाना न्हाई.

परवा अधिकारी आला. तरणाच हाय, चष्मेवाला. माळ बघायला सगळ्यांना घेऊन चालत गेला. मग चावडीत एकेकाला बोलावलं. आपली पाळी आली तसं तात्यांनी सांगितलं, ही मेंढरं आठ महिने बाहेर असतात, मालक परदेशी हाय. अधिकाऱ्यानं मला विचारलं, खरं हाय का? मी ठरवलंच व्हतं की या खेपेला कुणाचा नियम सांगायचा न्हाई. म्हणाले, आठ महिने बाहेर असतात हे खरं. इथं चारा नसतो म्हणून जातो, असता तर कोण जातं? जाताना दाराला कुलूप लावत न्हाई, आई आत असते. दर साली जेष्ठात परत येतो. त्यानं विचारलं, किती साली? मला आकडा सांगता येईना. तेवढ्यात म्हादूनाना मागनं म्हणाला, माज्या बापाला आठवतं तेव्हापासनं. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग तेही म्हणाले, हां, येतात खरी दरसाल.

मग मी कागद पुढं केला. अधिकाऱ्यानं शिक्का उजेडात धरून बघितला. दोनदा वाचला. म्हणाला, म्हंजे मेंढरं कुणाची? आन गुंडू, बारा वर्षांत म्या दादांची म्हणाले, मग गुंडूची म्हणाले. आधी तोंडातनं आमची असं आलं. तो म्हणाला, आमची म्हंजे कुणाची? एकाचं नाव सांगा. सगळी चावडी माज्याकडं बघत व्हती. माजी, म्हणाले. मलाच ऐकू आलं न्हाई. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाले.

निकाल असा. निम्मा माळ झाडांना गेला तो गेलाच. उरलेल्यात सगळ्यांचंच थोडं थोडं कमी केलं. आपली पन्नास. बारा कमी. कुठली बारा काढायची ते काल दिवसभर वाडग्यात उभं राहून बघत व्हते, एकही निवडता आलं न्हाई. म्हादूनाना म्हणतो, पुढच्या साली वाढवून मागू. हे जिंकलं म्हणायचं का हरलं, मला कळत न्हाई. आई सकाळी हसते आन दुपारी रडते, तिलाही कळत नसावं. शेवंतीच्या बापानं अजून हो कळवलं न्हाई आन न्हाईही कळवलं न्हाई. तुज्या साहेबाला सांग, बहिणीचं उत्तर आलं न्हाई तरी त्यांनी लिहीत राहावं.

शेवटी वहीत सही करायची व्हती. अधिकारी म्हणाला, पूर्ण नाव लिहा. मी मथुरा लिहिलं आन थांबले. पुढं काय लिहू? रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, देवळाच्या पावतीवर, आजवर जिथं तिथं माजं नाव दुसऱ्यानंच सांगितलं, मी नुसती सही केली. तात्या म्हणाले, कोळेकर लिही, लग्नातलं तेच. म्हादूनाना म्हणाला, शिंगाडे. अधिकारी दोघांवर खेकसला, म्हणाला, त्यांना लिहू द्या. बाहेर आपलं एक मेंढरू बें बें करत व्हतं.

लिहिलं. मथुरा विठ्ठल शिंगाडे. शाईचा डाग पडला. अधिकारी म्हणाला, बाई, वाचता येत न्हाई, खाली पुन्हा लिहा. मग खाली पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात, रेघ सोडून.

प्रकृतीला जप. माया असू दे, आन पत्राला उशीर नको.

तुजी थोरली
मथुराअक्का